शुरीच्या शाळेंतील प्रयोग

कोणत्याहि मोठ्या शहरांत सायंकाळीं एखाद्या शाळेच्या सभागृहावरून जावें, तर पांढरे पोशाख घातलेलीं सहा-सात वर्षांचीं मुलें ओळींनीं उभीं असलेलीं दिसतात. शिक्षक जपानी भाषेंत अंक मोजतो आणि प्रत्येक अंकाबरोबर वीस-पंचवीस चिमुकल्या मुठी एकाच वेळीं पुढें येतात. दाराशीं पालक उभे असतात. कोणाचा मुलगा आडदांड आहे म्हणून त्याला शिस्त लागावी, कोणाची मुलगी भिडस्त आहे म्हणून तिला धीर यावा, अशा हेतूनें त्यांनीं मुलांना महिनाभर पाठवून पाहण्याचें ठरविलेलें असतें. हा देखावा पाहणारास वाटतें कीं, ही परंपरा शेंकडों वर्षें अशीच चालत आली असावी. इतिहास मात्र निराळें सांगतो. कराटे ही विद्या जुनी आहे. परंतु तिचा लहान मुलांचा वर्ग जुना नाहीं. तो सुमारें सव्वाशें वर्षांपूर्वी एका बेटावरील एका शाळेंत प्रयोग म्हणून सुरू झाला. ज्यानें तो सुरू केला त्याचें नांव ठाऊक आहे, सालहि ठाऊक आहे. आणि त्या प्रयोगाचा जो परिणाम झाला तो विचार करण्यासारखा आहे.

जपानच्या क्यूशू बेटापासून तैवानच्या दिशेनें र्‍यूक्यू बेटांची एक लांबलचक माळ समुद्रांत पसरली आहे. तिच्यांतील सर्वांत मोठें बेट ओकिनावा. येथें पूर्वी स्वतंत्र राज्य होतें. शुरी ही त्याची राजधानी आणि जवळचें नाहा हें बंदर. चीनशीं या राज्याचा पिढ्यान्‌पिढ्या व्यापार चाले व तेथील सम्राटास खंडणीहि जाई. १६०९ सालीं जपानच्या सात्सुमा संस्थानानें हें राज्य जिंकलें, तरी राजा आपल्या गादीवर राहिला. त्यामुळें ओकिनावाचा संबंध चीन व जपान या दोघांशींहि कायम टिकून राहिला. शस्त्रावांचून लढण्याची जी विद्या या भूमींत वाढली तिला तेथील लोक साधेपणानें ‘ते’ म्हणजे ‘हात’ असें म्हणत. चिनी मुष्टियुद्धाचा संस्कार झाल्यावर तिला ‘तोदे’ असें नांव पडलें. त्याचा अर्थ चिनी हात.

ही विद्या चारचौघांत शिकण्याची नव्हती. तिचें स्वरूप कसें होतें याची कल्पना फुनाकोशी गिचिन यांच्या बालपणावरून येते. १८६८ सालीं शुरी येथें जन्मलेला हा मुलगा प्रकृतीनें अगदींच नाजूक होता. शाळेंतील एका सोबत्याचे वडील आझातो आन्को हे या विद्येंतील थोर जाणकार होते. त्यांच्याकडे हा मुलगा रात्रीं जाई, आणि चांदणें नसेल तर हातांत कंदील घेऊन जाई. अंगणांत तो एकटा तेच तेच पवित्रे पुनःपुन्हा करी, गुरु ओट्यावर ताठ बसून पाहत, आणि बहुधा ‘आणखी एकदां’ एवढेंच म्हणत. ‘ठीक’ हा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला कीं ती मोठी शाबासकी. पवित्र्यांच्या अशा ठराविक मालिकेस ‘काता’ म्हणतात. नाइहांची नांवाच्या तीन काता शिकण्यांत फुनाकोशी यांचीं दहा वर्षें गेलीं, असें त्यांनींच पुढें लिहून ठेवलें आहे. एक गुरु, एक शिष्य, रात्रीची वेळ आणि दहा वर्षें, असें हें जुन्या शिक्षणाचें माप होतें. पंचवीस मुलांच्या वर्गाला त्यांत कोठेंच जागा नव्हती.

१८७९ सालीं जपानी सरकारनें र्‍यूक्यूचें राज्य खालसा केलें. राजाला तोक्योस नेण्यांत आलें व ओकिनावा हा जपानचा एक जिल्हा बनला. ज्या दरबारी घराण्यांनीं ही विद्या सांभाळली होती त्यांचीं वतनें व मानमरातब हळूहळू गेले. नव्या शाळा निघाल्या आणि जपानी भाषा शिक्षणाची भाषा झाली. १८९८ सालीं ओकिनावांत सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. विद्या जाणणारे वृद्ध होत चालले होते, आणि नव्या पिढीला त्यांच्या अंगणांत दहा वर्षें घालविण्यास सवड नव्हती. ती गुप्त ठेवावी तर नष्ट होणार, आणि उघडी करावी तर बदलणार, असा पेंच उभा राहिला.

हा पेंच सोडविण्याचें धाडस इतोसू आन्को यांनीं केलें. त्यांचा जन्म १८३१ च्या सुमाराचा. राजदरबारांत त्यांनीं लेखनिकाचें काम केलें होतें. माट्सुमुरा सोकोन या राजाच्या शरीररक्षकाचे ते शिष्य. राज्य गेलें तेव्हां ते पन्नाशीला आले होते. १९०१ सालीं, सत्तरीच्या वयांत, त्यांनीं शुरी येथील प्राथमिक शाळेंत व्यायाम म्हणून ही विद्या शिकविण्यास आरंभ केला. सरकारला ती मान्य कां झाली, याविषयीं असें सांगतात कीं, सैन्यांत भरती होणार्‍या तरुणांची तपासणी करतांना डॉक्टरांना कांहींजणांचीं शरीरें विशेष घटलेलीं दिसलीं. चौकशी केली तेव्हां तीं तोदेच्या तालमींत घटलीं आहेत असें कळलें. १९०५ सालीं इतोसू शुरी येथील सरकारी माध्यमिक शाळेंतहि शिकवूं लागले, आणि शिक्षक तयार करणार्‍या नॉर्मल स्कुलांतहि या विद्येचा प्रवेश झाला.

शाळेच्या पटांगणांत आल्याबरोबर या विद्येला आपलें रूप बदलावें लागलें. पहिली अडचण संख्येची होती. अंगणांत एकाच शिष्यावर नजर ठेवणारा गुरु त्याचें पाऊल बोटभर चुकलें तरी टोकूं शकत असे. पन्नास मुलांपुढें उभ्या राहिलेल्या शिक्षकाला तें कसें साधावें? म्हणून ओळी आल्या, अंक मोजणें आलें, आणि सर्वांनीं एकाच आज्ञेवर हात हलविणें आलें. नॉर्मल स्कुलांत शिकविणारे याबू केन्त्सू हे इतोसूंचे शिष्य लष्करांत नोकरी करून आलेले होते, आणि लोक त्यांना हवालदार याबू म्हणूनच ओळखत. त्यांच्या हाताखालीं या शिक्षणास कवाइतीचें वळण लागलें यांत नवल नाहीं. आज एखाद्या वर्गांत मुलें अंकांवर मुठी फेंकतात, तेव्हां त्या आवाजांत शुरीच्या जुन्या अंगणापेक्षां जपानी बराकींचा प्रतिध्वनिच अधिक असतो.

दुसरी अडचण वयाची होती. जुन्या काता लांब व कठीण होत्या; त्यांतील कित्येक डाव उघड्या हाताचे, डोळ्यांवर, गळ्यावर किंवा सांध्यांवर जाणारे होते. ते बारा वर्षांच्या मुलाच्या हातीं द्यावे कसे? इतोसूंनीं १९०५ च्या आसपास पांच लहान काता बांधल्या. कुसांकू या जुन्या, दीर्घ कातेंतील कित्येक पवित्रे त्यांत दिसतात; परंतु ते तोडून, सोपे करून, पायरीपायरीनें मांडलेले आहेत. जेथें बोटांनीं भोसकावयाचें तेथें अनेक ठिकाणीं मिटलेली मूठ आली. डावांचा खरा उपयोग मुलांना उकलून सांगण्यांत येत नसे, असेंच मानलें जातें. मुलांनीं हालचाल शिकावी, तिचा घातक अर्थ पुढें केव्हां तरी योग्य शिष्यास कळावा, अशी ती योजना होती. या पांच कातांना इतोसूंनीं ‘पिनान’ असें नांव दिलें. त्या अक्षरांचा अर्थ शांति व क्षेम असा होतो. लढण्याची विद्या मुलांच्या हातीं देतांना तिला शांतीचें नांव द्यावें, यांत त्या वृद्ध गुरूचें मन दिसून येतें.

या फेरफारामुळें कांहीं हरवलें काय? पुष्कळ हरवलें. पकडी, मुरड, पाडण्याचे डाव मागें पडले. ठोसा, लाथ आणि अडविणें एवढेंच पुढें राहिलें. अर्थावांचून पाठ केलेल्या मंत्राप्रमाणें कित्येक पवित्रे नुसते पाठ झाले, आणि पुढील पिढ्यांतील पंडित त्यांचे अर्थ लावीत बसले. जाणते लोक आजहि तक्रार करतात कीं, शाळेंत गेलेलें कराटे म्हणजे दांत काढलेला वाघ. ही तक्रार अगदींच खोटी नाहीं. तथापि तिच्यांत एक गोष्ट विसरली जाते. दांत न काढतां हा वाघ मुलांच्या स्वाधीन करतां आला नसता, आणि मुलांच्या स्वाधीन केला नसता तर तो त्या वृद्धांबरोबरच संपला असता. नेहमीं समजूत अशी असते कीं, मोठ्यांची विद्या आधीं होती व मुलांचा वर्ग ही तिची पातळ केलेली नक्कल आहे. वस्तुस्थिति बरीचशी उलट आहे. आज जगभर मोठीं माणसें जें कराटे शिकतात, तेंहि पुष्कळ अंशीं शुरीच्या शाळेंतील मुलांसाठीं तयार झालेल्या पद्धतीनेंच शिकतात.

१९०८ च्या ऑक्टोबरांत इतोसूंनीं जिल्ह्याच्या शिक्षणखात्यास दहा कलमांचें एक पत्र लिहिलें. कराटेच्या इतिहासांत या पत्राइतका महत्त्वाचा लेख क्वचितच सांपडेल. त्यांत त्यांनीं सांगितलें आहे कीं, ही विद्या केवळ शरीर कमावण्यासाठीं नाहीं. परंतु एखाद्या गुंडाशीं किंवा भांडखोराशीं गांठ पडली असतां हातापायांनीं त्याला इजा करण्याचेंहि हें साधन नव्हे. ती घाईनें येत नाहीं. सावकाश चालणारा बैल जसा अखेर हजार कोस जातो तशी ती येते. रोज एक-दोन तास मन लावून तीन-चार वर्षें केलें, तर माणसाची शरीरयष्टीच पालटते. गवताची पेंढी बांधलेल्या फळीवर, म्हणजे माकिवार्‍यावर, मुठीचा सराव करावा. छाती पुढें, खांदे खालीं, पाय भक्कम रोवलेले असावेत. चेहरा व डोळे लाल होईपर्यंत जोर करूं नये, कारण तें प्रकृतीस घातक आहे. या विद्येचे जुने जाणते दीर्घायुषी झाले. तिनें हाडें व स्नायु वाढतात, पचन व रक्ताभिसरण सुधारतें. म्हणून प्राथमिक शाळेपासूनच ती व्यायामाचा पाया म्हणून शिकवावी, नॉर्मल स्कुलांत शिक्षक तयार करावे व त्यांना गांवोगांवच्या शाळांत धाडावें, अशी सूचना पत्राच्या अखेरीस आहे.

हें पत्र वाचीत असतां एकाच माणसाचे दोन निरनिराळे स्वर कानीं पडतात. एक स्वर आजोबांचा आहे. मूल निरोगी व्हावें, त्यानें घाई करूं नये, शीण होईपर्यंत ताण घेऊं नये, उगाच कोणावर हात टाकूं नये, ही त्याची काळजी. दुसरा स्वर सरकारदरबारीं अर्ज करणाराचा आहे. लहानपणापासून हें शिक्षण मिळाल्यास मुलें पुढें सैन्याच्या उपयोगी पडतील असें तो सांगतो, आणि नेपोलियनला हरविणारा वेलिंग्टन विजयाचें श्रेय आपल्या देशांतील शाळांच्या क्रीडांगणांना देत असे, या प्रसिद्ध गोष्टीचा दाखला देतो. जपाननें रशियावर जय मिळवून तीनच वर्षें झालीं होतीं. नुकत्याच खालसा झालेल्या एका लहान प्रांताच्या वृद्धाला आपल्या पूर्वजांची विद्या शाळेंत टिकवावयाची होती. आणि शाळेचें दार ज्या किल्लीनें उघडेल ती किल्ली त्यानें वापरली. त्याला दोष देणें सोपें आहे. पण ज्या किल्लीनें दार उघडलें तिची किंमत पुढें केव्हां तरी द्यावी लागणार होती.

१९१५ सालीं इतोसू वारले. १९२२ सालीं फुनाकोशी तोक्यो येथील शारीरिक शिक्षणाच्या प्रदर्शनांत ही विद्या दाखविण्यास गेले, आणि तेथेंच राहिले. ते स्वतः प्राथमिक शाळेंतील शिक्षक होते, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ज्यूडोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांनीं त्यांना आदरानें वागविलें. पांढरा पोशाख आणि पट्ट्यांनीं दर्जा दाखविण्याची रीत कराटेनें ज्यूडोकडूनच घेतली. फुनाकोशी यांनीं पिनान या नांवाचा जपानी उच्चार ‘हेइआन’ असा रूढ केला. त्यांनीं पहिल्या दोन कातांचा क्रमहि उलटविला, कारण नवशिक्यास दुसरीच अधिक सोपी जाते. ‘तोदे’च्या अक्षरांतील चीन काढून तेथें ‘रिकामा’ हें अक्षर घालण्याची कल्पना इतोसूंचे शिष्य हानाशिरो चोमो यांच्या १९०५ सालच्या लेखांत प्रथम दिसते. १९३६ सालीं नाहा येथें भरलेल्या गुरुजनांच्या सभेनें ती मान्य केली. तेव्हांपासून कराटे म्हणजे रिकामा हात.

परंतु त्या सुमारास जपानांतील शाळांचे हात रिकामे राहिले नव्हते. १९३७ पासून चीनशीं युद्ध चाललें होतें. १९४० सालीं ओकिनावाच्या गव्हर्नरांनीं गुरूंची समिति नेमून विद्यार्थ्यांसाठीं व नवशिक्यांसाठीं सोप्या काता करविल्या. त्यांतील एक नागामिने शोशिन यांनीं बांधली व दुसरी नाहाचे विख्यात गुरु मियागी चोजुन यांनीं. मियागींच्या कातेचें नांव ‘गेकिसाई’. त्याचा अर्थ आघात करून चुरा करणें. तिची बांधणी उत्तम आहे आणि आजहि हजारों मुलें ती आवडीनें करतात. तथापि १९०५ च्या आसपास मुलांसाठीं केलेल्या कातांना शांतीचें नांव मिळालें होतें आणि १९४० सालीं मुलांसाठीं केलेल्या कातेला चुरा करण्याचें. पस्तीस वर्षांत पत्रांतील दुसरा स्वर किती चढला होता, हें या दोन नांवांवरून समजतें.

१९४५ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकन सैन्य ओकिनावावर उतरलें. शुरीच्या राजवाड्याखालीं भुयारें खोदून जपानी सेनापतींनीं आपलें ठाणें केलें होतें. माध्यमिक शाळांतील चौदा वर्षांवरील मुलांची ‘लोह आणि रक्त’ या नांवाची विद्यार्थिसेना उभारण्यांत आली. लहान मुलांकडे निरोप पोंचविण्याचें व तारा जोडण्याचें काम आलें, मोठ्यांच्या हातीं स्फोटकें आलीं. सतराशेंहून अधिक मुलें या सेनेंत ओढलीं गेलीं व त्यांपैकीं सुमारें निम्मीं परत आलीं नाहींत. शुरीच्या ज्या माध्यमिक शाळेंत इतोसूंनीं १९०५ सालीं मुलांना पवित्रे शिकविले, तिचे विद्यार्थीहि त्यांत होते. जूनच्या अखेरीस लढाई संपली तेव्हां राजवाडा व शुरी शहर यांचा दगडविटांचा ढीग झाला होता; एक लाखांवर ओकिनावावासी मृत्युमुखीं पडले होते. ‘रिकामा हात’ हें अक्षर प्रथम लिहिणारे हानाशिरोहि त्याच वर्षीं युद्धाच्या धामधुमींत गेले.

कराटे शिकविल्यामुळें हीं मुलें मेलीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्यांना कराटेचा गंधहि नव्हता अशीं मुलें व मुलीहि त्या वणव्यांत गेलीं. परंतु मुलाच्या शरीरास वळण लावतांना तें शरीर कोणासाठीं तयार होत आहे हा प्रश्न विचारलाच नाहीं, तर त्याचें उत्तर दुसराच कोणी तरी देतो, एवढें या इतिहासानें शिकविलें.

युद्धानंतर ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यांत राहिलें. विजेत्या सैन्यांतील शिपाई त्याच बेटावरील गुरूंपुढें मान लववून ही विद्या शिकले व मायदेशीं घेऊन गेले. कराटेच्या जगभर प्रसाराचें तें एक मोठें कारण झालें. २०२१ सालीं तोक्यो येथें झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत कराटेचा प्रथमच समावेश झाला, आणि पुरुषांच्या काता-स्पर्धेचें सुवर्णपदक ओकिनावाच्याच कियुना र्‍यो यांनीं मिळविलें. सैन्यभरतीचा स्वर आतां मुलांच्या वर्गांतून बहुतेक लोपला आहे. पण त्याची जागा रिकामी राहिली आहे असें नाहीं. कोठें पदकांची हांव ती जागा घेते, कोठें दर तीन महिन्यांनीं नवा रंगीत पट्टा विकणारा व्यापार, तर कोठें आपल्या मुलानें कोणाचा मार खाऊन घरीं येऊं नये ही आईबापांची भीति.

म्हणून आपल्या मुलाला अशा वर्गांत महिनाभर पाठवून पाहणार्‍या पालकांना इतोसूंच्या पत्राइतका चांगला सल्लागार मिळणार नाहीं. मुलांचे चेहरे लाल झाले असतां शिक्षक थांबतो काय, हें त्यांनीं पाहावें. तो मूठ उगारावयास शिकवितो तितक्याच आस्थेनें ती आवरावयासहि शिकवितो काय, हें पाहावें. महिन्याभरांत काय आलें असें विचारूं नये; बैलाच्या चालीनें तीन-चार वर्षें जाऊं द्यावीं लागतात, आणि एका महिन्यांत फार तर मूल तेथें आनंदानें जातें कीं नाहीं एवढेंच समजतें. आणि सर्वांत महत्त्वाचें त्या पत्राचें सातवें कलम. प्रत्येक काता शरीर घडविण्यासाठीं करावयाची आहे कीं प्रत्यक्ष उपयोगासाठीं, हें शिकणारानें आधींच ठरवावें, असें तेथें म्हटलें आहे. सहा वर्षांच्या मुलाला तें ठरवितां येत नाहीं. तें त्याच्या वतीनें मोठ्यांना ठरवावें लागतें. आणि शुरीच्या शाळेंत तो प्रयोग पहिल्यानें झाला तेव्हांपासून आजपर्यंत, या वर्गाचें बरेंवाईट त्या एका निर्णयावर अवलंबून राहिलें आहे.